पडताळलेले शब्द

"गोदुरा!" बाहेरून आलेले परीक्षक उपासनी सरांनी चष्मा काढून हातात घेतला आणि सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. "माधुरीताई, या एका शब्दासाठी मी तुम्हाला पदवी द्यायला तयार आहे. पाण्याला गोदुरा! हा शब्द मराठीतला नाही, हिंदीतला नाही. तो दक्षिणेकडून आलेला आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तुम्ही प्रबंधात हे बिचकत बिचकत मांडलंय. मी ठामपणे मांडतो. हा समाज दक्षिणेतून वर सरकला, याचा पुरावाच तुम्ही आज आमच्या हातात ठेवलात."

मागच्या रांगेतून दबलेलं हसू ऐकू आलं. तिथे माझी शेवंताआत्या, तिचा मुलगा बाजी आणि त्यांच्याबरोबर आलेली सात-आठ माणसं बसली होती. आत्यानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. मला वाटलं, आपल्या बोलीचं एवढं कौतुक एका मोठ्या प्रोफेसरांच्या तोंडून ऐकून तिला लाज वाटली असेल. माझेही डोळे भरून आले. काय सांगू, तेव्हा मी इतकी भोळी होते की आज माझीच मला कीव येते.

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. आमच्या विभागात एरवी तिला येतं कोण? दोन-तीन विद्यार्थी, आणि नंतरच्या जेवणावर डोळा असलेले चार प्राध्यापक. पण माझे मार्गदर्शक टेंभेकर सर म्हणाले होते, "माधुरी, तुझी माणसं आलीच पाहिजेत. ज्यांच्यावर संशोधन झालं ते समोर बसलेत, असं चित्र कुठे बघायला मिळतं? मी पेपरवाल्यांना सांगून ठेवलंय." म्हणून मी आत्याला निरोप धाडला होता. ती मंडळी बाजार अर्धा टाकून, गाठोड्यांसकट आली होती. बाबा मात्र त्यांच्यात बसले नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते दाराजवळच्या खुर्चीत एकटेच बसले होते. बहीण-भाऊ एकमेकांशी जेमतेम बोलायचे. एक शहरात राहिला आणि एक पालावर, म्हणून असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

आमच्या समाजाचं नाव मी इथे लिहीत नाही. सुया, दाभणं, काळी पोत विकत गावोगाव फिरणारी आमची माणसं. बाजाराच्या गावाबाहेर कापडी पालं ठोकायची, चार दिवस राहायचं, पुढे निघायचं. बाबा तरुणपणीच त्यातून बाहेर पडले आणि नगरपालिकेत शिपाई झाले. मी दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये जन्मले, शहरातल्या शाळेत शिकले. पालाचा वारा त्यांनी मला लागू दिला नाही.

आमच्या माणसांची एक आतली बोली आहे. बाहेरचं माणूस समोर असलं की आपसांत तीच बोलायची. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "मी लहानपणीच बाहेर पडलो, मला नाही येत." लग्नाकार्याला गेलं की बायका चुलीभोवती बसून त्या बोलीत खिदळायच्या आणि मी पाहुण्यासारखी बाजूला ताट घेऊन बसायचे. कुणी हसलं की वाटायचं, आपल्यालाच हसल्या. लोकांना पीएच.डी. नोकरीसाठी हवी असते. मलाही हवी होती, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त मला ती बोली हवी होती. त्या चुलीपाशी बसायला जागा हवी होती. पदवीच्या निमित्तानं ती मिळेल, असं मला मनापासून वाटत होतं.

आणि मिळतही होती. आत्यानं पहिल्याच दिवशी मला शेजारी बसवून घेतलं होतं. मी विचारायचे, ती सांगायची. पाणी, भाकरी, सासू, पोलीस, पळणं, लपणं. टेंभेकर सरांचा एकच दंडक होता: एका पालावर मिळालेला शब्द आणखी दोन पालांवर पडताळल्याशिवाय धरायचा नाही. माहितगारांना एकमेकांचं उत्तर सांगायचं नाही, नुसती वस्तू दाखवायची. मी भर उन्हात एसटीच्या तीन गाड्या बदलून दुसऱ्या जिल्ह्यातल्या पालांवर गेले. तिथेही पाण्याला गोदुरा. तिसरीकडेही गोदुरा. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तक्ते पाहून सर खुर्चीतून उठलेच होते. "शंभर टक्के जुळणी! माधुरी, तीस वर्षांत मी असं पाहिलं नाही. किती शुद्ध राखलीय यांनी भाषा!"

एका घरातल्या दोन जावासुद्धा एका भांड्याला एकच शब्द वापरत नाहीत, हे सरांना कळायला हवं होतं. मला तर कळायलाच हवं होतं. पण आम्ही दोघांनी त्या जुळणीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं, आणि उपासनी सरांना नेमकं तेच सगळ्यात जास्त आवडलं.

प्रश्नोत्तरं संपली. मग रीतीप्रमाणे उपासनी सर म्हणाले, "आता आम्ही परीक्षक जरा चर्चा करतो. उमेदवारांनी आणि श्रोत्यांनी बाहेर थांबावं." या चर्चेत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. अहवाल आधीच टाईप होऊन फायलीत पडलेला असतो. आत चहा होतो, सह्या होतात, आणि बाहेरगावचे परीक्षक इथून कुठल्या दुकानातून साडी घ्यावी ते विचारून घेतात. 

आम्ही व्हरांड्यात आलो. आत्या आणि तिची माणसं पायऱ्यांवर गाठोडी टेकून बसली. बाबांसाठी कुणीतरी खुर्ची आणून ठेवली. मी आत्याजवळ गेले आणि तिच्या पाया पडले.

"अगं, ऊठ ऊठ," आत्या म्हणाली. "झालीस ना आता मास्तरीण?"

"अजून सांगायचंय त्यांनी."

"सांगत्याल की. त्या म्हाताऱ्याला लई आवडलीस तू." आणि ती पुन्हा हसायला लागली. बाजीही हसला, पण त्यानं मान दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात इमारतीच्या कोपऱ्यावरून एक सुरक्षारक्षक झपाझप आमच्या दिशेनं येताना दिसला. खाकी कपडे, हातात काठी. मी काही बोलायच्या आत आत्यानं तोंडातल्या तोंडात दोन शब्द टाकले. मोठ्यानं नाही. शेजारणीला सुपारी मागावी तशा आवाजात.

पापणी लवायच्या आत पायऱ्या रिकाम्या झाल्या. बाजी स्कूटरच्या स्टँडमागे गेला, दोघीजणी ग्रंथालयाच्या वाटेला लागल्या, एक म्हातारा फाटकाकडे. पळालं कुणीच नाही. सगळे जसे काही मघापासूनच आपापल्या कामाला निघाले होते. आत्या डोक्यावर गाठोडं घेऊन बागेच्या मधोमध पोचलीसुद्धा होती.

आणि बाबा उभे होते. गुडघ्यांनी जेरीला आलेला माणूस, घरी खुर्चीतून उठायचं तर दोनदा "आई गं" म्हणणारा. ते खुर्ची सोडून, पायात चपला अडकवून, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते. मी त्यांच्याकडे बघतेय हे कळल्यावर त्यांनी खांबाला हात टेकला आणि गुडघा चोळायला घेतला.

"अहो, कुठं निघाला सगळे?" रक्षक गोंधळून म्हणाला. "जेवायची पानं मांडलीत मागच्या हॉलमध्ये. तुम्हाला सांगायला धाडलंय मला."

मी मनातल्या मनात माझे शब्द चाळले. पोलीस आला. उठा. पळा. लपा. सांभाळा. यातल्या एकूण एक गोष्टीला माझ्याकडे शब्द होता, तीन पालांवर पडताळलेला. आत्यानं टाकलेले दोन शब्द त्यांत कुठेही बसत नव्हते.

मी बागेतून धावत जाऊन तिला गाठलं. "आत्या, तू आत्ता काय म्हणालीस?"

"कुठं काय?"

"आत्ता. तो वॉचमन आला तेव्हा."

"चला म्हटलं."

"चला म्हणायला तू मला वेगळा शब्द सांगितला होतास."

आत्यानं गाठोडं खाली ठेवलं.  मग ती गवतावर बसली आणि मलाही हाताला धरून बसवलं.

"गोदुरा आमची गाढवीण होती, तुझा बाप पालावर व्हता तवाची," ती म्हणाली. "लई गुणाची. पान्यातनं जायचं म्हटलं की हटून बसायची, म्हणून तुझ्यासाठी पान्याला तिचं नाव दिलं. त्यो म्हातारा मद्राशी म्हणाला तिला. कशी हसू नको मी?"

मला हसू आलं नाही. "आणि बाकीचे?"

"बाकीचे पन तसेच. काही बाजीनं काढले, काही त्या तिकडच्या पालावरच्या सोनीनं. पोरींनी लई मजा केली."

"पण मी तीन ठिकाणी विचारलं होतं!"

"म्हणून तर. देवीच्या जत्रेला सगळी पालं जमली व्हती, तवा बसून ठरवलं. पाठ करून घेतले समद्यांकडून. बारकी पोरं चुकायची, म्हणून तू आलीस की त्यांना बाजारात धाडायचो." तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता, तो मला अजून आठवतो. "त्या जत्रेला तू बी आली व्हतीस की. देवळामागं गाणी भरून घेत व्हतीस त्या यंत्रात."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तीन वर्षं. उन्हातान्हातल्या खेपा, उपाशीपोटी केलेले प्रवास, रेकॉर्डिंग ऐकून ऐकून बधिर झालेले कान. मी ओरडलेच. "नको होतं तर नाही म्हणायचं होतंस मला! तोंडावर दार लावायचं होतंस!"

"पालाला दार कुठं असतंय?" आत्या म्हणाली. "न्हाई म्हटलं असतं तर तू दुसऱ्या पालावर गेली असतीस. तिथं एखादं येडं भेटलं असतं, ज्यानं खरं सांगितलं असतं. आणि तुला तुझी डिगरी बी पायजे व्हती. आमच्यातली एक पोर एवढी शिकतीय, तिला रिकाम्या हातानं कशी लावून देऊ? डिगरी तुला मिळावी आन् बोली मिळू नये. दोन्ही केलं आम्ही."

"मी काय परकी आहे का, आत्या?"

ती व्हरांड्याकडे बघायला लागली. बाबा तिथे खांबाला टेकून आमच्याकडेच बघत होते.

"तुला तुझ्या बापानं सांगितलं न्हाई, ते मी कशाला सांगू," ती म्हणाली. पण मग सांगितलंच. "एका गावात चोरी झाली. आमच्यातल्या कुणी केली नव्हती. पन फौजदार पालावर आला आन् तुझ्या बापाला घेऊन गेला. बारा-तेरा दिवसांनी त्यो परत आला, ते नव्या कापडात. म्हणाला, मला नगरपालिकेत लावलंय. त्याच्यानंतर आम्ही बाजारात आपसांत काय बोलतो ते पोलिसांना कळायला लागलं. रातच्याला मुक्काम कुठं हाय, बाप्ये कुठल्या नाल्यात हायेत, समदं. माझ्या मालकांना तिथंच धरलं. त्यानंतर त्यांना सरळ चालता आलं न्हाई कधी."

"मारून शब्द काढून घेतले असतील त्यांच्याकडून."

"असतील. का नोकरीपायी दिले, ते त्याला विचार. मी न्हाई विचारलं कधी. दिले ते शब्द आम्ही टाकून दिले, नवे केले. बाकीचे तसेच हायेत. हे आत्ताचे दोन मात्र त्यानं दिले नव्हते." आत्यानं गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं. "तेवढं बरं केलं त्यानं. आज बघ, म्हाताऱ्या गुडघ्यानं कसा उठला."

ते दोन शब्द अजून माझ्या कानात आहेत. ते मी कुठेही लिहिलेले नाहीत.

मी व्हरांड्यात परत आले तेव्हा बाबा पुन्हा खुर्चीत बसले होते. रोज संध्याकाळी मी घरी तक्ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. गोदुरा म्हणजे पाणी, बाबा, किती छान शब्द आहे ना? ते म्हणायचे, "छान आहे," आणि टीव्हीवर बातम्या लावायचे. गोदुरा गाढवीण पालावर होती तेव्हा बाबाही पालावरच होते. पहिल्याच दिवशी त्यांना सगळं समजलं असणार.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"बाबा!"

 "तू एवढी खूश होतीस," ते म्हणाले. "आणि ती माणसं तुझ्याशी बोलत होती. माझ्याशी बोलत नाहीत. म्हटलं, बोलू दे."

एवढ्यात सभागृहाचं दार उघडलं आणि शिपायानं माझं नाव पुकारलं.

आत टेंभेकर सर उभे राहिले. सगळे श्रोते परत आपापल्या जागी बसले होते. आत्याही. सरांनी घसा खाकरला आणि परीक्षकांनी एकमतानं पदवीची शिफारस केल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. पेपरवाल्यानं फोटो घेतला. मग सर म्हणाले, "आणि एक आनंदाची बातमी. या प्रबंधाच्या आधारे आपला विभाग या बोलीचा कोश करायला घेतोय. मंजुरी जवळजवळ मिळाल्यात जमा आहे. डॉक्टर माधुरी त्यात माझ्याबरोबर असतील. डॉक्टर, आता दोन शब्द बोला."

मी उठले. दोन शब्द! समोर सर, उपासनी सर, विभागातले लोक. मागे माझी माणसं. एकही माणूस हसत नव्हता. बाजी पुढे वाकून बसला होता. आत्या सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. एका वाक्याचं काम होतं. "सर, हे सगळं खोटं आहे." मग पदवी गेली असती, सरांची नाचक्की झाली असती. आणि त्यानंतर कुणी तरी दुसरा, माझ्याहून हुशार, खरे शब्द काढायला पालांवर गेला असता.

"मी शेवंताआत्याचे आभार मानते," मी म्हणाले. "तिनं मला जे दिलं ते इतर कुणीच देऊ शकलं नसतं."

टाळ्या झाल्या. उपासनी सरांनी चष्म्याखालून डोळे पुसले. आत्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं फक्त मान हलवली, आणि मी गप्प राहिले ते तिच्यासाठी की पदवीसाठी, हे तिला माझ्याहून आधी कळलं असावं.

जेवण मागच्या हॉलमध्ये होतं. प्राध्यापक टेबलांवर बसले. आमची माणसं भिंतीकडेला सतरंजीवर बसून जेवत होती आणि त्यांच्यात काहीतरी जोरात रंगलं होतं. लांबून ऐकलं तर त्यांची खरी बोली, अगदी भरभरून, न थांबता. मी ताट घेऊन गेले. मला वाटलं, आता तरी. आज मी त्यांच्यासाठी तोंड मिटून घेतलं, आता तरी जागा मिळेल.

मी जवळ पोचले आणि बोलणं थांबलं. बाजी सरकला, त्यानं सतरंजी झटकली.

"ये, बस," आत्या म्हणाली. "वरण बरं झालंय. मीठ जरा कमीय."

"व्हय, मीठ कमीय," दुसरी म्हणाली.

सगळे स्वच्छ मराठीत मिठाबद्दल बोलायला लागले. माझ्या सोयीसाठी. मी दोन घास खाल्ले आणि हात धुवायचं निमित्त करून उठले.

बाबा हॉलच्या बाहेर, नळाजवळच्या कट्ट्यावर एकटेच जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सरकवून मला जागा केली.  आतून पुन्हा हसण्याचा आवाज आला. बोली परत सुरू झाली होती.

"बाबा," मी म्हणाले, "मला एक शब्द सांगा. फक्त एक. खरा. पाण्याला काय म्हणतात तेवढं सांगा."

बाबांनी नळाकडे बघितलं. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी माझ्या खांद्यावर लटकलेल्या, टिपणवह्यांनी भरलेल्या शबनम पिशवीवर हात ठेवला. कुणी तरी परक्याच्या सामानाला हात लावावा, तसा.

"सांगितला असता गं," ते म्हणाले. "पण तू लिहून घेशील."